संशोधकाच्या टेबलाशी लेखकाचं काय काम?

ऑपरेशनच्या आधी तुमच्यासमोर एक कागद येतो. नर्स सांगते, "इथे सही करा." तुम्ही करता. त्यात काय लिहिलंय हे शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस मला इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये फार क्वचित भेटला आहे. यात तुमचा दोष नाही. तो कागद वाचण्यासाठी लिहिलेलाच नसतो.

औषधाच्या चाचणीत सहभागी व्हायचं असेल तर कागद आणखी जाड होतो. मूळ इंग्रजीत तयार झालेला मजकूर मराठीत येतो तेव्हा त्यात 'यादृच्छिक', 'प्रतिकूल घटना', 'दुहेरी अंध' असे शब्द उतरतात. 'दुहेरी अंध चाचणी' हे वाचून एखाद्या आजोबांनी "म्हणजे डोळ्यांवर परिणाम होतो का हो?" असं विचारलं तर हसू नका. शब्दावरून तोच अर्थ निघतो.

आता हेच असं लिहून बघू या: "तुम्हाला नवं औषध मिळेल की सध्याचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. कोणतं मिळालं ते तुम्हालाही कळणार नाही आणि तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही कळणार नाही. कारण माहीत असलं की दोघांच्याही मनात आधीच मत तयार होतं." झालं. 'यादृच्छिक' आणि 'दुहेरी अंध' दोन्ही संपले. असं लिहायला वैद्यकीय पदवीपेक्षा भाषा यावी लागते, आणि संशोधकाला "थांबा, हे मला नीट कळलं नाही" असं न लाजता विचारता यावं लागतं. ही दोन्ही कामं लेखक लोक आमच्यापेक्षा बरी करतात. म्हणून आज एका वेगळ्या विषयावर लिहितोय: लेखक, चित्रकार, नाटकवाले यांना संशोधकांच्या बरोबर बसवण्याविषयी. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या उपनगरांतल्या हॉस्पिटलांना आणि संशोधन संस्थांना याची गरज आहे आणि त्याचा पहिला फायदा तुम्हाला, म्हणजे रुग्णांना, व्हायला हवा.

परदेशात, आणि थोडंफार भारतातही, 'रेसिडेन्सी' किंवा 'फेलोशिप' नावाची एक पद्धत आहे. (रेसिडेन्सी म्हटलं की आम्हा डॉक्टरांना रात्रपाळ्या आणि कॅन्टीनचा गार चहा आठवतो. ही ती नव्हे.) एखादी संस्था कलाकाराला किंवा लेखकाला काही महिने, कधी एकदोन वर्षं, मानधन देऊन आपल्याकडे बोलावते. तो शास्त्रज्ञांच्या बैठकांना बसतो, प्रयोग बघतो, प्रश्न विचारतो आणि स्वतःचं काहीतरी घडवतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत २०११ पासून असा कार्यक्रम चालू आहे.

आरोग्याच्या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं उदाहरण लंडनचं आहे. तिथल्या वेलकम कलेक्शन या संस्थेने २०१४ मध्ये एका गटाला दोन वर्षांसाठी जागा आणि पैसे दिले. गटात मानसशास्त्रज्ञ होते, मेंदूचे अभ्यासक होते, कवी, संगीतकार आणि कलाकारही होते. विषय होता विश्रांती. विश्रांती म्हणजे नक्की काय? झोप? नुसतं बसणं? या गटाने बीबीसी रेडिओच्या मदतीने एक प्रश्नावली काढली आणि तिला १३४ देशांतल्या १८ हजारांहून जास्त लोकांनी उत्तरं दिली. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. लोकांना सर्वात आरामदायक वाटलेल्या गोष्टींत वाचन पहिलं होतं. त्यानंतर निसर्गात वेळ घालवणं, एकटं असणं, संगीत ऐकणं आणि काहीही न करणं.

डॉक्टर म्हणून एक खुलासा करायला हवा. ही उत्तरं स्वतःहून दिलेली होती. रेडिओ ऐकणारी, प्रश्नावली भरायला सवड असणारी माणसं त्यात जास्त असणार. त्यामुळे 'जगातल्या माणसांना वाचनाने सर्वाधिक विश्रांती मिळते' असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड त्यातून काढू नका. मला महत्त्व वाटलं ते प्रश्नाचं. मी दिवसातून दहा जणांना तरी "आराम करा" असं सांगतो. घाटकोपरच्या डोंगरावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात. त्या घरातल्या, पहाटे पाण्यासाठी उठणाऱ्या बाईला 'एकटं असणं' कुठून मिळणार? बोरिवलीहून चर्चगेटला रोज उभ्याने जाऊन येणाऱ्याला 'निसर्गात वेळ' म्हणजे काय, नॅशनल पार्कचं गेट? आमच्या पुस्तकात 'बेड रेस्ट' आहे, पण विश्रांतीची व्याख्या नाही. कवी आणि मेंदूचा डॉक्टर एका खोलीत बसले तेव्हा कोणाला तरी हा साधा प्रश्न महत्त्वाचा वाटला. मी ते वाचल्यापासून "आराम करा" च्या पुढे एक प्रश्न जोडतो: "घरी दुपारी पाठ टेकायला जागा आहे का?" उत्तर 'नाही' आलं की सल्ला बदलावा लागतो. औषधाची वेळसुद्धा बदलावी लागते.

त्याच संस्थेने पुढच्या दोन वर्षांसाठी स्मृतिभ्रंशाचा विषय घेतला होता. तिथेही मेंदूचे अभ्यासक आणि कलाकार एकत्र होते. पण लंडनचं पुरे.

मुंबईत हे घडलेलं आहे, आणि तेही धारावीत. 'स्नेहा' ही संस्था सायन हॉस्पिटलच्या नवजात शिशु विभागाच्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये सुरू केली. मातृदुग्ध पेढीमुळे तुम्ही त्यांचं नाव ऐकलं असेल. १९८९ मध्ये सायनला सुरू झालेली ती पेढी आशियातली पहिली मानली जाते. याच 'स्नेहा'ने वेलकम ट्रस्टच्या पैशांतून २०१२ मध्ये धारावीत 'देखा अनदेखा' हे आरोग्य आणि कलेवरचं प्रदर्शन भरवलं आणि फेब्रुवारी-मार्च २०१५ मध्ये तीन आठवड्यांचं 'धारावी बिएनाले'. त्याचं दुसरं नाव 'अॅली गल्ली बिएनाले'. ते चालवणाऱ्या दोघांपैकी डेव्हिड ऑस्रिन हे लंडनच्या विद्यापीठातले बाल आणि माता आरोग्याचे संशोधक आणि नायरीन दारूवाला या 'स्नेहा'च्या स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या कामातल्या. कलाकार बाहेरून आले, पण वस्तू घडवल्या त्या धारावीच्या रहिवाशांनी, कार्यशाळांत बसून.

त्यातलं एक काम मला विसरता येत नाही. बायकांनी कापडाच्या तुकड्यांतून धारावीचा नकाशा शिवला. विषय होता घरातली मारहाण. ज्यांनी सर्व्हे केले आहेत त्यांना माहीत असतं की "नवरा मारतो का?" हा प्रश्न दारात उभं राहून विचारला तर उत्तर काय येतं. आतून सासू ऐकत असते. पण चार बायका मांडीवर कापड घेऊन बसल्या, हात चालू आहेत, नजर सुईवर आहे, अशा वेळी जे बोललं जातं ते फॉर्ममध्ये कधीच येत नाही. माझ्याकडे 'डोकं दुखतं', 'झोप येत नाही', 'जिन्यावरून पडले' म्हणून येणाऱ्या बायकांकडे बघताना मला तो नकाशा आठवतो. शिवणकाम हा उपचार आहे असं मी म्हणत नाही. ऐकण्याची एक जागा त्यातून तयार झाली, एवढंच. संशोधनात ती जागा सहसा नसते.

पुण्याचं उदाहरण त्याहून जुनं आहे आणि अस्सल आपलं आहे. सुमित्रा भावे यांचे सिनेमे तुम्ही बघितले असतील. पण त्या मुळात समाजशास्त्राच्या संशोधक होत्या. वस्तीतल्या बायकांवर अभ्यास करताना त्यांना हे टोचलं की ज्यांच्याविषयी आपण लिहितोय त्यांना आपला अहवाल वाचताच येणार नाही. म्हणून कॅमेऱ्याचं फारसं शिक्षण नसताना त्यांनी 'बाई' हा छोटा चित्रपट केला. साल १९८५. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकर यांच्याबरोबर त्यांनी स्किझोफ्रेनियावर 'देवराई' (२००४), अल्झायमरवर 'अस्तु' (२०१३) आणि नैराश्यावर 'कासव' केला. २०१६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'कासव'ला मिळाला. यातल्या 'अस्तु'मध्ये मुख्य भूमिका आणि 'कासव'च्या निर्मितीत वाटा डॉ. मोहन आगाशे यांचा, म्हणजे एका मनोविकारतज्ज्ञाचा. याला कोणी रेसिडेन्सी म्हटलं नाही, कोणी फेलोशिप दिली नाही. पण अभ्यासक आणि कलावंत वर्षानुवर्षं एकत्र बसले की काय होतं, ते यात दिसतं. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांना मी गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर "'अस्तु' बघा" असं सांगतो. सांगून पाहिलं आहे. पुढच्या भेटीत घरचे लोक वेगळे प्रश्न विचारतात. "बरे कधी होतील?" ऐवजी "संध्याकाळी जास्त का बिघडतात?"

आणि आपल्या उपनगरात? आहे ना. जुहूच्या जेव्हीपीडी स्कीममध्ये एनसीएसटी नावाची संगणकशास्त्राची सरकारी संस्था होती. आता ती सी-डॅकचा भाग आहे. तिथे र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार संगणकाच्या लोकांबरोबर काम करत होते. त्याआधी ते पवईच्या आयआयटीत, इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवत होते. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातचा. जोडाक्षर कसं दिसावं हा चित्रकाराचा प्रश्न, आणि ते कळफलकावरून कसं उमटावं हा प्रोग्रामरचा. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून तो सुटला नसता. मुद्दा असा की काम संपल्यावर 'जरा सजवून द्या' म्हणून त्यांना बोलावलेलं नव्हतं. ते सुरुवातीपासून होते.

मला वाटतं, सगळी गोम इथे आहे. आपल्याकडे कलाकाराला शेवटी बोलावतात. अभ्यास संपला, अहवाल छापला, आता टीबीवर एक पोस्टर करून द्या. मग पोस्टरवर फुप्फुसांचं चित्र, खाली लाल अक्षरांत 'टीबी हारेगा' आणि वर चार लोगो. ते ओपीडीच्या भिंतीवर वर्षभर राहतं, पंख्याच्या वाऱ्याने एक कोपरा फडफडतो. कुणी वाचत नाही.

टीबीचंच घेऊ. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची मुंबईला चांगलीच ओळख आहे. नेहमीच्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे लघवी केशरी-लाल होते. घाम आणि डोळ्यांतलं पाणीही रंगतं. त्याने काही बिघडत नाही. पण हे आधी न सांगितलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात ते बघतो आणि त्याला वाटतं रक्त जातंय. गोळ्या बंद. किंवा उलट होतं. काही आठवड्यांत खोकला थांबतो, ताप जातो, वजन वाढतं. माणूस म्हणतो, बरा झालो. गोळ्या बंद. उरलेले जंतू मग औषधांना दाद देईनासे होतात आणि पुढची लढाई आधीपेक्षा कितीतरी कठीण होते. ही माहिती आमच्याकडे नाही असं नाही. माणूस कोणत्या क्षणी गोळी बाजूला ठेवतो, तो क्षण आमच्याकडे नाही. तो लेखकाला दिसतो, कारण तो त्या माणसाच्या घरी जाऊन बसतो. आमच्या ओपीडीत एका रुग्णाला मिळतात तीन-चार मिनिटं.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे. "डॉक्टर, हॉस्पिटलमध्ये खाटा नाहीत, कधी औषधं बाहेरून आणायला सांगतात, आणि तुम्ही कवींना मानधन द्यायचं म्हणता?" आक्षेप योग्य आहे आणि माझं उत्तर सरळ आहे. औषधाच्या किंवा खाटांच्या पैशांतला एक रुपयाही यासाठी वळवू नये. पण मोठ्या संशोधनाच्या निधीत 'लोकांपर्यंत पोहोचवणे' असा खर्च बहुधा धरलेला असतोच. तो चकचकीत पुस्तिका आणि पंचतारांकित हॉटेलातल्या एका दुपारच्या कार्यक्रमावर जातो. तेवढ्यात एक लेखक वर्षभर बसवता येईल.

दुसरा आक्षेप कोणी घेत नाही, म्हणून मीच घेतो. वाईट रेसिडेन्सीही असते. कलाकार तीन दिवस येतो, वॉर्डात फोटो काढतो, सलाईन लावलेला हात, खिडकीतला उजेड. मग काळा घोड्याला प्रदर्शन, वाइन, चर्चा. ज्याचा तो हात होता तो मुलुंडच्या इंदिरानगरमध्ये असतो. त्याला कोणी बोलावत नाही, आणि बोलावलं तरी जाण्या-येण्यात त्याचा दिवसाचा रोज बुडतो. तुमचं दुखणं हा दुसऱ्याचा कच्चा माल होऊ नये. प्रदर्शन दाखवायचंच तर राजावाडीच्या ओपीडीत दाखवा, जिथे लोक तसेही दोन तास बसलेले असतात. नाटक बसवलं असेल तर मुलुंडला कालिदास आहे, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, पार्ल्याला दीनानाथ. आपल्या माणसांना नाटक कळत नाही असं कोणी म्हणू नये. 'देवराई'पेक्षा कठीण विषय त्यांनी रविवारी दुपारी वडा खात पाहिले आहेत.

कुठे सुरू करावं? मला विचाराल तर पवईत. आयआयटीतल्या प्रयोगशाळेत विकसित झालेल्या आणि टाटा मेमोरियलमध्ये चाचण्या झालेल्या कार-टी पेशींच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. रक्ताच्या काही प्रकारच्या कॅन्सरसाठी तो आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढतात, कॅन्सरची पेशी ओळखण्याची खूण त्यांच्यात बसवतात, त्यांची संख्या वाढवतात आणि पुन्हा त्याच रुग्णाला देतात. इतर उपचार थकल्यावर घरच्यांना याबद्दल ठरवायचं असतं, बहुतेक वेळा थोड्या दिवसांत, लाखो रुपयांच्या हिशेबात. त्या संध्याकाळी भाऊ, मेहुणा आणि पुतण्या डायनिंग टेबलाशी बसून काय बोलतात? "आपल्याच पेशी परत घालणार, मग त्रास कसला?" असं कोणीतरी म्हणतंच. त्रास असतो. पहिल्या काही दिवसांत जोराचा ताप, रक्तदाब उतरणं, कधी गोंधळल्यासारखं होणं, म्हणून हॉस्पिटलमध्येच ठेवतात. हे त्या टेबलाच्या भाषेत लिहून ठेवणारा कोणी प्रयोगशाळेत आणि वॉर्डात वर्षभर वावरलेला असावा असं मला मनापासून वाटतं. देवनारला लोकसंख्येच्या अभ्यासाची मोठी संस्था आहे, देशाचा कौटुंबिक आरोग्य सर्व्हे तीच करते. तिथेही प्रश्नावली मराठीत आणि हिंदीत उतरवताना एक कथालेखिका बसलेली मला चालेल.

एक खुर्ची तर कायद्यानेच आहे. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार प्रत्येक नैतिकता समितीत एक सामान्य व्यक्ती, म्हणजे वैद्यकीय क्षेत्राबाहेरची, असावीच लागते. चाचणीचं संमतीपत्र या समितीपुढून जातं. ही खुर्ची कोणा ओळखीच्या निवृत्त गृहस्थाला देऊन टाकण्याऐवजी चांगलं मराठी लिहिणाऱ्या माणसाला द्यावी. तो 'दुहेरी अंध' वर लाल पेनाने रेघ मारेल.

आता तुमच्यापुरतं. उद्या कोणी चाचणीत घेतो म्हणाले तर संमतीपत्र तुमच्या भाषेत मागा, घरी न्या, रात्री मोठ्याने वाचा. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर ते वाचून दाखवलं गेलं पाहिजे, हा नियम आहे. सही केल्यानंतरही कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. कोणी लेखक किंवा फोटोग्राफर तुमच्या आजाराची गोष्ट मागायला आला तर त्याला विचारा: माझा चेहरा, नाव, गल्ली दिसणार का? छापण्याआधी मला दाखवणार का? मी नंतर 'नको' म्हटलं तर काढून टाकणार का? आणि हे सगळं शेवटी कुठे दाखवणार, आमच्या इथे की तिकडे? बोलावंसं वाटलं तर बोला, नाही वाटलं तर चहा पाजून पाठवा. डॉक्टरांनी पाठवलंय म्हणून हो म्हणण्याची गरज नाही.

मुलुंड, भांडुप, घाटकोपर भागात लिहिणारी, चित्रं काढणारी, एकांकिका बसवणारी मंडळी हे वाचत असतील तर दवाखान्यात येऊन भेटा. टीबीच्या गोळ्यांबरोबर द्यायचा एक पानी कागद मला नव्याने लिहून हवा आहे, मराठी आणि हिंदीत. औषधांची माहिती मी देईन, पैसेही देईन, फार नाही. मंगळवारी दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते. त्या वेळेत गोळ्या न्यायला येणारे दोन-तीन रुग्ण तुमच्याशी बोलायला तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे.